यमुनाकाकूंचा एसी

त्या एसीचं तोंड त्यांच्या खोलीत आणि पाठ माझ्याकडे. गारवा त्यांना, धग मला. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या आमच्या दोन घरांमध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी बोळ होती, आणि त्या बोळीत, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, भिंत फोडून ते अवजड खोकं बसवलेलं. उन्हाळ्यात मी पोळ्या करायला उभी राहिले की इकडून गॅसची आच, तिकडून एसीची. वर त्याचे आवाज. घुर्रर्र, खडखड, टक्, आणि पुन्हा घुर्रर्र. दिवसभर शाळेत पोरांचा कालवा ऐकून यायचं आणि घरी हा! मी कितीदा पदर खोचून भांडायला निघाले असेन. पण भांडायचं कोणाशी, तर यमुनाकाकूंशी. आणि त्यांच्याशी भांडायची आमच्या कॉलनीत कोणाची बिशाद नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा आमच्याकडे एसी म्हणजे डॉक्टरांच्या घरी, नाहीतर मोठ्या साहेबांच्या. बाकी सगळ्यांचं कूलरवर भागायचं. मार्च उजाडला की माळ्यावरून कूलर उतरवायचे, कुजकं गवत काढून नवं भरायचं, पंप तपासायचा, आणि मग पाऊस येईपर्यंत घरातल्या माणसाला विसरलं तरी चालेल पण कूलरच्या टाकीत पाणी टाकायला विसरायचं नाही. अशा कॉलनीत एका दुकानदाराच्या घरी एसी आला. कोणासाठी, तर सुनेसाठी. आणि आणवला कोणी, तर सासूनं! आम्हा बायकांना कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता.

कारण ही सासू साधीसुधी नव्हती. पाठीमागे सगळे तिला कलेक्टरीण म्हणायचे. आवाज असा, की त्यांनी आपल्या घरात "चहा झाला का?" विचारलं की माझ्या घरातून कोणीतरी "हो" म्हणायचं. आणि तोरा असा, की मागून कोणी हाक मारली तर ढुंकून बघायच्या नाहीत. भाजीवाला असो, मी असो, नाहीतर खुद्द काका असोत. काकांचं वर्ध्याच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान. दुपारी जेवायला आले की फाटकातूनच ओरडायचे, "अवो, प्रकाशची माय, चाबी कुठी ठेवली?" आणि ह्या पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडताहेत. काका वळसा घालून पुढ्यात आले की मग मान वर.

"समोर येऊन बोलत जा. मागून बोलणाऱ्याची मले चीड हाये."

नवऱ्याला! आम्ही गॅलरीतून ऐकायचो आणि तोंडात बोटं घालायचो. खरं सांगू? हेवाही वाटायचा. माझ्या नवऱ्यानं बसल्या जागेवरून पाणी मागितलं की मी उठत होते ना मुकाट्यानं.

बोलताना त्या आपल्या डोळ्यांत बघायच्या नाहीत, तोंडाकडे बघायच्या. टक लावून. मला वाटायचं, दातात मेथी अडकली असावी. आपण जरा पुटपुटलो की झालं, "तोंडातल्या तोंडात काय बोलून राह्यली, मास्तरीण? शाळेत पोट्ट्याईले असंच शिकवते का तू?" मी पोरांना धाक दाखवणारी बाई, पण यमुनाकाकूंसमोर शब्दन् शब्द सुटा सुटा करून बोलायचे, परीक्षेतल्या शुद्धलेखनासारखा.

एकदा आम्ही चारपाच जणी पवनारला निघालो होतो. वर्ध्याच्या स्टँडवर एक बस मागे मागे येत होती. कंडक्टर शिट्टी फुंकतोय, आम्ही किंचाळतोय, "काकू, सरका! अवो काकू!" आणि ह्या आपल्या पाठमोऱ्या उभ्या, पिशवीतली संत्री वर-खाली करताहेत. बस अगदी वीतभरावर येऊन थांबली. तेव्हा कुठे काकू वळल्या, बसकडे बघितलं, आणि ड्रायव्हरची अशी काही हजेरी घेतली की तो बिचारा खाली उतरून माफी मागून गेला. "काय काळीज आहे बाईचं!" आम्ही म्हणालो. धाम नदीच्या काठावर बसून डबे खाल्ले तरी आम्ही बसचंच बोलत होतो, आणि ह्या शांतपणे सगळ्यांना संत्री सोलून देत होत्या.

तर अशा घरात रंजना सून म्हणून आली. लग्न थंडीत झालं. पोरगी गोड, बारीक चणीची, बोलणं इतकं हळू की शेजारच्या खुर्चीवरच्यालाही कान द्यावा लागे. पहिला उन्हाळा लागला आणि एप्रिलमध्ये एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती खाली बसली ती बसलीच. पायांत जीव नाही. डोळ्यांपुढे धुकं. ऊन कललं, हवा जरा निवली, तेव्हा उठून चालू लागली. दुसऱ्या दिवशी परत तेच. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. नसांचा आजार निघाला. औषधं कायमची, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की हिचं अंग तापू द्यायचं नाही. गार खोलीत राहिली तर सगळं करील, तापली तर एक एक अवयव बंद पडेल.

आमच्याकडचा उन्हाळा आणि अंग तापू द्यायचं नाही! कूलरनं काय होणार? चिकचिक वाढते फक्त.

काकांचे थोरले भाऊ नाचणगावला शेती बघायचे. सगळे त्यांना दादाजी म्हणत. घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. धोतर, हातात काठी, आणि ओठ झाकून टाकणाऱ्या भरघोस मिशा. ते पहिल्याच बसनं आले आणि म्हणाले, "खोट लपवून दिली पोरगी. माहेरी पोचवून द्या." आम्हाला वाटलं, आता कलेक्टरीणबाई स्वतः बॅग भरून देणार. आणि पुढच्या आठवड्यात आमच्या बोळीत भिंत फुटायला लागली!

काकांनी तोंड उघडून पाहिलं म्हणे. "आपल्या खानदानात कोणी एसी पाह्यला का?"

"सून मी पसंत केली," काकू म्हणाल्या. "तिच्या खोलीत काय लावाचं ते मीच पाहीन."

विषय संपला. प्रकाश, म्हणजे रंजनाचा नवरा, आईच्या मागे उभा राहून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. तो पोरगा तसा वाईट नव्हता. फक्त त्याला कणा बसवायचा राहून गेला होता.

एसी आला आणि काकूंनी त्याच्याजवळ स्टूल टाकलं. एसीच्या लाकडी चौकटीवर तळहात ठेवून त्या बसायच्या. डोळे मिटून, तासन् तास. कधी कपाळ टेकवायच्या. आम्ही म्हणायचो, एसीला आशीर्वाद देताहेत. पण त्या आजारी लेकराच्या छातीवर हात ठेवावा तसा त्याचा ठाव घेत असायच्या, आणि त्याच्या एकेका आवाजाचा अर्थ त्यांनी लावून ठेवला होता. टक् झालं की "निजला". थोड्या वेळानं धप्प, "उठला". उठायला बघतो, नुसता हूं करतो आणि पुन्हा बसतो, म्हणजे वीज कमी दाबानं येते आहे, तेव्हा "बंद करा, जीव काढते तो." आवाज जड झाला, दमल्यासारखा, म्हणजे जाळीत धूळ भरली. "धुवा जाळी." आतून पाणी खेळवल्यासारखं वाटलं तर ते चांगलं. आणि कडकड दात वाजवायला लागला की पदर खोचून निघाल्या वर्ध्याला, अन्वरभाईकडे.

अन्वरभाईचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. मी एकदा सोबत गेले होते. काकूंनी दुकानात शिरल्या शिरल्या काउंटरवरची चहाची कपबशी बाजूला केली आणि दोन्ही हातांनी काउंटर बडवायला सुरुवात केली. धप धप, कट्, धप धप, कट्. "असा करून राह्यला पाहा." अन्वरभाईनं डोळे मिटून ऐकलं.

"भाभी, जरा फिरसे."

काकूंनी पुन्हा वाजवलं. बाहेर दोन माणसं थांबून बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पंखे का बुश घिस गया है," अन्वरभाई म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लोग आके बोलते, आवाज आता है. कैसा आवाज? तो बोलते, खराब आवाज. ये भाभी पूरा बजाके बताती."

घरीदेखील तेच. सांगायचं असलं की जे हाताला लागेल त्यावर वाजवायच्या. टेबल, डबा, भिंत, आणि जवळ काही नसलं तर माझी पाठ. "असा वाजते का तुह्या खिडकीतून? का असा?" आणि धपाधप. पाठ लाल व्हायची माझी. मी चिडून म्हणायचे, "काकू, तोंडानं सांगा ना!" तर त्या माझ्या तोंडाकडे बघून नुसत्या हसायच्या.

एकदाच त्या पार फसल्या. एसीतून बारीक चिवचिव यायला लागली. आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही. काकूंनी चौकटीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि निकाल दिला, "काईच नाई. मशीन चांगली हाये."

"अहो काकू, एवढं वाजतंय!"

"तुमचे कान फुटले."

शेवटी अन्वरभाईनं मागचा पत्रा काढला तर आत काडीकचरा आणि चिमणीची चार पिल्लं, चोची वासून. काकू स्टुलावर चढून त्या पिल्लांकडे बघत राहिल्या. पिल्लं अगदी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. काकूंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, हरल्याचा राग आला असेल. नंतर त्यांनी ते घरटं तसंच्या तसं उचलून माझ्या खिडकीच्या वर ठेवायला लावलं. माझ्याच! म्हणजे एसी होता तो होता, आता पिल्लंही.

अशी दोनतीन वर्षं गेली, आणि मग तो मे महिना आला.

त्या दिवशी दुपारी दादाजी आलेले होते. आता दादाजींचं असं, की नाचणगावात कूलरमधलं त्यांना सगळं कळायचं. अख्ख्या गावाचे कूलर ते तपासून द्यायचे. तेव्हा एसी म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीत बसवलेला महाग कूलर. आल्या आल्या त्यांनी रंजनाच्या खोलीच्या खिडक्या उघडायला लावल्या, "हवा खेळली पाह्यजे, नाईतर थंड कसं होईल?" कूलरला ते खरंच आहे हो, खिडकी बंद केली तर कूलर गुदमरतो. पण एसीचं गार बाहेर गेलं, बाहेरचं ऊन आत आलं, आणि बिचारा एसी धापा टाकायला लागला. मागून खरखर सुरू झाली. दादाजींनी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली.

"कोरडा चालून राह्यला. टाकीत पाणी नाई त्याच्या. या घरात कोणाले कळतच नाई."

कूलरचा पंप कोरडा पडला की अगदी तस्साच खरखरतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी माझ्या मोरीच्या दाराशी तांब्या घासत होते. यमुनाकाकू बोळीच्या तोंडाशी, सावलीत, माझ्याकडे पाठ करून मूगवड्या घालत होत्या. बाजेवर धुतलेलं लुगडं पसरलेलं, एका हातात पिठाचं भांडं. दादाजी मागच्या बाजूनं स्टूल आणि भरलेली बादली घेऊन बोळीत शिरले. मी "अहो, अहो, दादाजी!" म्हणेपर्यंत त्यांनी ती अख्खी बादली एसीच्या पाठीत रिकामी केली.

भडाम्!

काय आवाज झाला म्हणून सांगू! ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, दादाजी स्टुलासकट खाली आले. माझ्या हातातला तांब्या सुटून खणखणत गेला. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, चार घरांतली माणसं बाहेर धावली.

आणि यमुनाकाकूंनी एक मूगवडी घातली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी.

माझ्यापासून पाचसात पावलांवर. खांदा हलला नाही, मान वळली नाही, हाताची चिमूटसुद्धा थरथरली नाही. मी बघतच राहिले. ते काळीज नव्हतं, तो तोरा नव्हता. बस मागे येत होती तेव्हाही नव्हता. देवा! या बाईला ऐकूच येत नव्हतं.

लोक धावत बोळीत शिरले तेव्हा त्यांचे चेहरे बघून काकू उठल्या. धूर दिसला. पिठाचा हात तसाच भिंतीवर ठेवला, आणि त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. "बंद पडला," त्या म्हणाल्या. "रंजी!"

दादाजींना खरचटलं होतं फक्त. अन्वरभाई आला, उघडून बघितलं, डोक्याला हात लावला. आतलं जळालं होतं, सामान नागपूरहून आणावं लागणार होतं, म्हणजे काही दिवस तरी जाणार. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. संध्याकाळपर्यंत रंजनाचे पाय गेले. मग हात जड झाले. मी बर्फ घेऊन गेले तेव्हा ती ओल्या चादरीत पडली होती आणि तिला मी नीट दिसतही नव्हते. काकू पलीकडे चादर पिळत होत्या, पाठमोऱ्या. मी रंजनाच्या कानाशी वाकले. तिनंच माझं मनगट चाचपून धरलं.

"ताई, तुम्हाला कळलं ना आज? कोणाला सांगू नका."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात. मागून हाक मारली की आई वळत नाहीत. म्हणून मी नेहमी समोर जाऊन बोलते."

अगं बाई! स्वतःला धड उभं राहता येत नाही, आणि ही पोर इतकी वर्षं सासूचं झाकत होती. आणि कॉलनीतल्या आम्ही शहाण्या बायका कलेक्टरीण, कलेक्टरीण करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक बसली. मी बर्फाचं भांडं घेऊन गेले ती दारातच अडकले, जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. दादाजी खुर्चीवर, काका सतरंजीवर, प्रकाश भिंतीला टेकून, आणि काकू सगळ्यांची तोंडं दिसतील अशा मधोमध. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आत रंजना.

एसी स्वतः फोडला त्याचं दादाजींना काही नव्हतं. ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मशीनवर जगणारी सून काय कामाची? तिच्या बापाले बोलवा, घेऊन जाऊ द्या."

"काय म्हणलं?" काकूंनी विचारलं.

दादाजींनी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. "पोरीले माहेरी पाठवा म्हणलं."

"काय म्हणलं?"

दादाजी भडकले. त्यांना वाटलं, भावजय डिवचते आहे. उठून उभे राहिले आणि ओरडले, "खोटी पोरगी दिली त्याईनं आपल्याले! टाकून द्या तिले! पोराचं दुसरं करा!"

तेच बोलणं पहिल्यांदा सल्ला वाटलं होतं, तिसऱ्यांदा ते जे होतं तेच ऐकू आलं. प्रकाशनं मान खाली घातली. काका म्हणाले, "दादा म्हणते ते... म्हणजे... इलाज तर नाई ना दुसरा."

काकूंनी काकांच्या ओठांवरून ते उचललं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मले ऐकू येत नाई."

"आँ?" काका म्हणाले.

"ऐकू येत नाई मले. प्रकाश झाला त्याच्या मागच्या वर्सी ताप आलता न, तेव्हापासून कमी कमी होत गेलं. रंजी या घरात आली तेव्हा काईच नव्हतं राह्यलं. त्या मशीनचा आवाज मले माहीत नाई कसा असते. मले हातालेच कळते तो."

"काईतरीच नाटक लावलं," दादाजी म्हणाले.

ते काकूंना दिसलं की काय कोण जाणे. त्या उठल्या, आमच्या सगळ्यांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "बोला आता. कोणीबी बोला. शिव्या द्या."

दादाजींनी काठी जमिनीवर आपटली. प्रकाश म्हणाला, "आई." मग रडवेला होऊन, "आई, आई!" काकू भिंतीकडे बघत उभ्या. आणि मग काका उठले. अर्धं आयुष्य ज्या माणसानं "अवो" नाहीतर "प्रकाशची माय" म्हटलं, मोठ्या भावासमोर तर बायकोकडे बघून कधी बोललाही नसेल, तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"यमुना."

काकांनी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत, "यमुना! यमुने!"

नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव निघालं, चारचौघांत निघालं, आणि त्या बाईला ते कळलंच नाही. काका तिथल्या तिथे लहान पोरासारखे रडायला लागले. त्यांनी तिचा खांदा धरला तेव्हा काकू वळल्या.

"झालं का बोलून?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, कॉलनीभर जाणारा. "तेव्हा सांगितलं असतं तर माह्या सासूनं तुमचं दुसरं केलं असतं. म्हणून चूप राह्यली. खोट लपवून मीबी राह्यली या घरात. रंजीले पाठवता न? मले बी पाठवा. माहं माहेर आता कोणी उरलं नाई, तर कुठी पाठवाचं ते तेवढं ठरवा."

दादाजींनी काठी उचलली, टोपी घातली आणि गावाकडच्या बसची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटत निघाले. प्रकाश कधी नव्हे तो उठला, आणि आधी आत रंजनाकडे गेला, मग मोटारसायकल काढून अन्वरभाईला मागे बसवून नागपूरला. त्या उन्हात! संध्याकाळी दोघं सामान घेऊन परतले तेव्हा टोमॅटोसारखे लाल झाले होते. अन्वरभाई दिवे लागेपर्यंत खटपट करत होता. धप्प झालं, घुर्रर्र सुरू झालं, आणि मी माझ्या खिडकीत उभी राहून त्या मेल्या आवाजाला हात जोडले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, हातोहाती मोबाइल आले तेव्हा, रंजना सासूच्या मागे लागून कानाचं मशीन घेऊन आली. "कायले? माहं काय अडलं?" काकूंचं पालुपद. शेवटी बसवलं एकदाचं. ते बसवल्यावर अर्ध्या तासात काकू तरातरा माझ्या दारात.

"मास्तरीण! तो एसी इतका बोंबलते?"

"हो काकू."

"अन् इतके वर्स तू चूप राह्यली? भांडाले काऊन नाई आली?"

मी हसायला लागले, आणि त्या दचकून एक पाऊल मागे सरल्या. मला हसताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

माझे यजमान निवृत्त झाले आणि आम्ही नागपूरला मुलाकडे जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी भर दुपारी मी निरोप घ्यायला गेले. मे महिनाच होता. काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, आतल्या दाराकडे जरा झुकून, एक बोट कानातल्या मशीनवर. खूप थकल्या होत्या, हात मांडीवर सैल पडलेला. आत रंजना फोनवर आईशी बोलत होती. तिची आई उन्हाळ्यापुरती माहेरी ये म्हणत असावी. रंजना तिच्या त्या बारीक, हळू आवाजात सांगत होती, "नको गं आई. मी इथंच बरी आहे. आपलं घर सोडून कुठे येऊ?"

काकूंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी पुढे झाले.

"काकू, येते मी आता..."

"चूप बस," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मले."